थॅलियमच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय धाकटे,

तुझ्या लेकीने काल कॉलेजचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. त्यात रसायनशास्त्रावर काट मारलेली होती, म्हणून हे पत्र. कारण विचारलं तर म्हणाली, "आमच्या घरात ते डोकंच नाही, मावशी. आईला मिठापलीकडे रसायन माहीत नाही. तूच नापास केलं होतंस ना तिला?" ती हसत होती. मला हसता आलं नाही.

हो, मीच केलं. तुमच्या वर्गाला रसायन शिकवायचे मी, पेपरही मीच तपासायचे. बहिणीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून तुझा पेपर सगळ्यांत कडक तपासला. एवढं तुला ठाऊक आहे. मला हेडमास्तरीण म्हणून चिडवणं तू त्यानंतर सोडलंस, तेही मला आठवतं.

चौथा प्रश्न थॅलियम ट्राय-आयोडाइडचा होता, त्यात थॅलियमवर विद्युतभार किती? एका थॅलियमला तीन आयोडीन, म्हणजे थॅलियम अधिक तीन, असा माझा सरळ हिशेब. तू लिहिलंस अधिक एक. तिन्ही आयोडीन एकमेकांना धरून एकच ऋण आयन होतात, आणि एवढ्या जड धातूच्या शेवटच्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन बंधात उतरायला सहसा राजी नसतात. मी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मनाचं लिहू नये.' चार गुण गेले. तू तीन गुणांनी नापास झालीस आणि पुन्हा परीक्षेला बसलीच नाहीस. आईने किती समजावलं तुला. मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते.

आता जे कोणालाच माहीत नाही ते सांगते. पेपर तपासल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ग्रंथालयात जाऊन पाहिलं. तुझं उत्तर बरोबर होतं. निकालाला अजून चार दिवस होते. विभागप्रमुखांना एवढंच सांगायचं होतं की चूक माझी. त्यांच्या खोलीत गेले, खडूची पेटी मागितली आणि परतले. पुढची सव्वीस वर्षं ते संयुग वर्गात तुझ्याच शब्दांत शिकवलं. माफी मागायला तोंड राहिलेलं नाही. डोकं तुला होतं. हे लेकीला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, मावशी समजूत काढतेय. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.

तुझीच,
ताई

लेकीच्या हाती दिलं: तुझी उत्तरपत्रिका, पानं अकरा. चौथ्या प्रश्नाला चार गुण. एकूण बत्तीस खोडून छत्तीस, उत्तीर्ण. खाली माझी सही, आजची तारीख.