माझे गिअर आणि हिचा गुडघा

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०.

माझ्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकचे गिअर आजपासून बंद. बटण दाबतो, काही होत नाही. सर्व्हिसिंग कालच केलं, तेही मी स्वतः. म्हणजे दोष सर्व्हिसिंगचा नाही, कंपनीचा आहे.

यात केबल नसते. हँडलवरचं बटण बिनतारी सिग्नल देतं आणि मागच्या चाकाजवळचा डिरेलर स्वतःच्या मोटरने साखळी सरकवतो. काल दोन्ही सायकली (माझी आणि हिची, दोन्ही काळ्या, एकाच दिवशी घेतलेल्या) भिंतीला टेकवून, डिरेलरवरची बारीक कळ दाबून बटणाची जोडणी नव्याने केली. मॅन्युअल अर्धंच वाचलं, कारण अर्ध्यातच समजलं.

तेवीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत काढली. माणसं भरलेली लिफ्ट अठरा मजले चढवणाऱ्याला साखळी सरकवायला मेकॅनिक लागत नाही.

मुदत भरपूर आहे. २८ सप्टेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी टॉवरच्या टेकडीवर सायकलने जायचं, असं हिने ठरवलंय. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले. जेवणं नकोत, पाहुणे नकोत, वर स्वतःच्या पायांनी पोचायचं म्हणते. मी आठवडाभरात गिअर दुरुस्त करीन.

५ ऑगस्ट, मंगळवार.

बटणातला सेल बदलला. डिरेलरची बॅटरी चार्ज केली. फरक शून्य. पण बटण दाबलं की गॅरेजमध्ये झिप् असा बारीक आवाज येतो. माझ्या पाठीमागून, हिच्या सायकलच्या बाजूने. भिंतीवरून घुमत असणार. म्हणजे मोटर जिवंत आहे. निम्मं काम झालं.

८ ऑगस्ट, शुक्रवार.

ॲप घेतलं. ॲप म्हणतं, एका डिरेलरला दोन बटणं जोडलेली आहेत. काहीही! एक तारा दिला आणि काढून टाकलं.

१० ऑगस्ट, रविवार.

दोघं सरावाला गेलो. मी एकाच गिअरवर, आणि मुद्दाम हिच्या मागे. तोल गेला तर सावरायला. चढावर अधूनमधून बटण दाबून पाहत होतो, सुरू झालं तर झालं.

हिची कटकट. म्हणे गिअर आपोआप बदलतो, पाय मध्येच जड होतो. सांगितलं की गिअर आपोआप बदलत नसतात, तुझा अंगठा लागत असेल. म्हणे अंगठा बटणाजवळ नव्हताच. मी वाद घातला नाही. ऑपरेशननंतर माणूस असं बोलतो.

१३ ऑगस्ट, बुधवार.

डिरेलरचे दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा आत फिरवले. काही नाही. म्हणून बाहेर फिरवले. किती फेरे ते कागदावर लिहून ठेवलं होतं. कागदाने ग्रीस पुसलं गेलं.

१७ ऑगस्ट, रविवार.

पुन्हा सराव. आज बटण जोरात दाबून पाहिलं, कारण कधी कधी नुसता संपर्क सैल असतो. ही तीनदा अडकली. शेवटचा चढ सायकल ढकलत चालली. घरी आल्यावर गुडघ्याला बर्फ लावून बसली. मी तिच्यासाठी तक्ता बनवला: कोणत्या चढाला कोणता गिअर, तीन रंगांत. तिने घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला.

२१ ऑगस्ट, गुरुवार. ऑफिसातून.

एका इमारतीची तक्रार. दुसऱ्या लिफ्टचं बटण दाबलं की पहिली लिफ्ट हलते. आमचा नवा टेक्निशियन तीन दिवस दुसऱ्या लिफ्टची मोटर उघडून बसला होता. मी गेलो आणि दहा मिनिटांत उलटी जोडणी शोधली. सगळ्यांसमोर झापलं त्याला. बटण कुठे जोडलंय ते आधी बघायचं, एवढी साधी अक्कल नको? दिवस चांगला गेला.

घरी आल्यावर सायकलची मोटर उघडली.

२४ ऑगस्ट, रविवार.

ही म्हणाली, चौकातल्या सायकलच्या दुकानात दाखवू. तिथली मेकॅनिक बाई हुशार आहे म्हणे. मी म्हणालो, डिरेलरचे पाच भाग टेबलावर आहेत, अशा अवस्थेत पेशंट हलवत नाहीत. मग ही दुकानाचा नाद सोडून एकटीच सरावाला गेली. मला वाटलं अर्ध्या वाटेतून फोन येईल.

दोन तासांनी आली. गाल लाल, घामाघूम, हसत होती. एकदाही गिअर बिघडला नाही म्हणे. पाण्याच्या टाकीपर्यंत न थांबता चढली.

निष्कर्ष काढला: मी बरोबर असलो की तिच्यावर दडपण येतं. तिला तसं समजावलं. ती सायकल पुसायला लागली.

३१ ऑगस्ट, रविवार.

डिरेलर पुन्हा जोडला. तो ज्या पट्टीला लटकतो ती वाकली असावी, अशी शंका. पाना लावून सरळ केली. आधीच सरळ होती हे नंतर लक्षात आलं. आता साखळी खरखर वाजते. महिनाभर गप्प होती, आता निदान काही तरी बोलतेय.

संकल्प: सप्टेंबरात आवाज चढवायचा नाही.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी १.

टॉवरच्या टेकडीची रंगीत तालीम. नीट लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल.

ही छान चढत होती. मधल्या वळणावर, जिथे चढ सगळ्यात उभा, मी अगदी तिच्या चाकाला चाक लावून होतो. माझे पाय संपले होते. शेवटचा उपाय म्हणून बटण दाबून धरलं. पुढे झिप् झिप् झिप् झिप् झालं आणि हिची सायकल जागच्या जागी थांबली. ती डाव्या अंगावर पडली.

ऑपरेशनचा गुडघा वाचला. कोपर सोलवटलं. दगडावर बसून रडली. म्हणाली की सायकलचा दोष नाही, तू म्हणतोस तेच खरं, माझाच पाय आणि माझंच डोकं आता चालत नाही. टॉवर नको, काहीच नको.

मी म्हणालो, पाच आठवडे मी हेच सांगतोय.

हे बोलायला नको होतं. दोन्ही सायकली ढकलत खाली आणताना पूर्ण वेळ तेच डोक्यात होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

हिला न सांगता दोन्ही सायकली टेम्पोत घालून दुकानात नेल्या. हिच्या सायकलमध्ये दोष नाही असं मेकॅनिक बाईच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

बाईने माझ्या हँडलचं बटण दाबलं. हिचा डिरेलर हलला. पुन्हा दाबलं. पुन्हा हलला. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघत दाबलं.

जोडणी कुणी केली विचारलं. मी शोरूमचं नाव सांगितलं. सायकल चालवताना मागून कुणी बटण दाबत होतं का, असं विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही.

चार मिनिटांत माझं बटण माझ्या सायकलला जोडलं. पट्टी सरळ करायला मात्र तिला तासभर लागला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

आज हिला सांगणार.

सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

२१ सप्टेंबर, रविवार.

माझं डोकं दुखत होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार.

ही आता पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून उतरते. गेल्या महिन्यात नव्हती धरत. उद्या नक्की.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.

सांगितलं. सकाळी चहा झाल्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जोडणी मी चुकवली, दर वेळी तुझा गिअर मीच बदलला, तुला मीच पाडलं, तुझ्या पायाला काही झालेलं नाही.

तिने ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की पंचवीस वर्षांत तू माझ्यासाठी इतकं गोड खोटं कधी बोलला नव्हतास.

मी शपथ घेतली. ती हसली. गॅरेजमध्ये नेऊन माझं बटण दाबून दाखवलं. माझाच गिअर बदलला, अगदी मऊ. म्हटलं, दुकानातल्या बाईला विचार. म्हणाली, तिलाही पढवून ठेवलं असशील. कधी चूक कबूल न करणारा माणूस एवढी मोठी चूक आपल्या अंगावर घेतोय, यातच सगळं आलं म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

सायकल तिने धाकट्या बहिणीला देऊन टाकलीय. उद्या सकाळी न्यायला येणार.

पुरावा एकच आहे, ही वही. तारीखवार. दाखवली तर तिला पटेल, आणि पटलं तर ती टॉवरवर चढेल. म्हणून पहिल्या पानापासून वाचून काढली. तीन रंगांचा तक्ता, दडपण, ऑपरेशननंतर माणूस असं बोलतो, सगळं माझ्याच अक्षरात.

ती आत कुठलं तरी गाणं गुणगुणतेय. किती दिवसांनी माझ्यावर खूश आहे.

संध्याकाळी दाखवीन. आता जरा पडतो.