व्याह्यांबरोबर नऊ होल

४ मार्च, रविवार
लेकीचं लग्न ठरलं. होणारे व्याही आणि विहीणबाई चहाला आले होते. माणसं सभ्य. व्याही म्हणाले, आम्ही दर रविवारी म्युनिसिपालिटीच्या मैदानावर गोल्फ खेळतो. मी म्हणालो, अरे वा, मीही खेळायचो. हे का म्हणालो, देव जाणे. पण तसं खोटंही नाही. कॉलेजात कॅरम खेळायचो. बायकोने कपाआडून माझ्याकडे पाहिलं. २५ तारखेला एकत्र नऊ होल, म्हणजे अर्धा डाव, खेळायचं ठरलं. भरपूर वेळ आहे.

६ मार्च, मंगळवार
व्हिडिओ पाहिले. सगळी जादू कमरेत असते म्हणे. हॉलमध्ये छत्री घेऊन सराव केला. स्विंग लगेच जमला. दिव्याची काच तशीही बदलायचीच होती. बायको म्हणाली, त्यांना खरं सांगून टाका. तिला समजावलं, की आता माघार घेतली तर मुलीकडची माणसं थापाडी आहेत असं वाटेल. तिने विचारलं, मग कशी आहेत? छत्री पुन्हा उचलली. वाद वाढवण्यात अर्थ नसतो.

१० मार्च, शनिवार
मैदान पाहून आलो. उगाच धसका घेतला होता. कुणी चपला घालून खेळतंय, कुणी झाडाखाली डबा उघडून बसलंय. काठ्यांची पिशवी भाड्याने मिळते, तीही जवळपास फुकट. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, ड्रेसचा काही नियम? त्या म्हणाल्या, पँट असली की पुरे.
उद्या पहाटेपासून कडक सराव.

११ मार्च, रविवार
उठलो नाही. विश्रांती हाही सरावाचा भाग असतो.

१७ मार्च, शनिवार
पहिला खरा सराव. बॉल फारच लहान. व्हिडिओत मोठा दिसतो. सुरुवातीचे फटके अंदाज घ्यायला मुद्दाम बॉलच्या वरून मारले. मग एक सणसणीत बसला. दिशा वेगळी होती, पण जोर बघण्यासारखा. तळ्यातली बदकं उडाली. त्यांची वेळ झाली असावी. एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, काठी उलटी धरली आहे. त्यांना सांगितलं, डावखुऱ्यांची पद्धत तपासतोय.

२४ मार्च, शनिवार
कंबर धरली आहे. म्हणजे स्विंग बरोबर आहे.
लेकीचा फोन. बाबा, नक्की जाताय ना? म्हटलं, काळजी करू नकोस, तुझी मान खाली जाऊ देणार नाही. तिने घाईघाईने फोन ठेवला. भरून आलं असणार.

२५ मार्च, रविवार, संध्याकाळी
व्याह्यांचा फटका सरळ गेला. विहीणबाईंचा त्याहून सरळ. माझ्या फटक्यात काठी हातातून सुटली आणि बॉलच्या पुढे जाऊन पडली. कुणी हसलं नाही. मी म्हणालो, फॉर्म गेलाय. व्याही म्हणाले, होतं असं. बॉल झुडपांत गेले, खड्ड्यात गेले, एक शेजारच्या रस्त्यावर गेला. दर वेळी विहीणबाई उत्साहाने शोधायला माझ्याबरोबर. मागच्या लोकांना आम्ही पुढे जाऊ दिलं. मग त्यांच्या मागच्यांनाही.

पाचव्या होलपाशी बाकावर टेकलो. थर्मासमधून चहा ओतत विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की बाबांनी कधी काठी हातात धरलेली नाही, पण तुम्हाला हे ठाऊक आहे असं त्यांना जाणवू देऊ नका.

कप बाकावर ठेवला. विचारलं, मग बोलावलंत कशाला?

विहीणबाईंचा गुडघा बदललाय. डॉक्टरांनी हळूहळू, पण भरपूर चालायला सांगितलंय. व्याही पडले झपाझप खेळणारे. बाकीची मंडळीही थांबत नाहीत. त्या म्हणाल्या, आज तुमच्यामुळे किती दिवसांनी मनसोक्त चालणं झालं. दर रविवारी याल का?

विचार करून सांगतो म्हणालो. व्याह्यांनी हात जोडले. या माणसाला एकदाचं मोकळेपणी खेळायचं होतं.

घरी बायकोने विचारलं, कसं झालं? म्हटलं, यापुढे दर रविवारी खेळणार आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. कुणाच्या डॉक्टरांनी, ते सांगितलं नाही.