व्हॉल्व्ह तापेपर्यंत

७ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

अप्पांनी हाताने जोडलेला काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर माझ्याकडे ठणठणीत आहे. स्पीकर मात्र अप्पांच्या पाठोपाठ गेले. आतला कागद फाटून नुसती फरफर. दुकानदाराने दोन जोड्या घरी वाजवून बघायला दिल्या आहेत. एक सडपातळ, माझ्या कपाटाच्या रंगाला शोभणारी. दुसरी कपाटाएवढीच. आई-अप्पांमागे विचारायला तूच उरलास, तेव्हा सांग.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तरातही दिसावा.

तुझी धाकटी

१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

स्पीकर कपाटाला शोभावा, हा निकष कोणत्याही शास्त्रात माझ्या वाचनात आला नाही. अप्पांचा अँप्लिफायर जेमतेम आठ वॅटचा. म्हणजे स्वामी थोर, पण क्षीणकंठ. तुझी ती सडपातळ जोडी कानीकपाळी ओरडल्यावर 'अं?' म्हणणारी, आमच्या चिरंजीवांच्या जातीची. मोठी जोडी कुजबुजीलाही ओ देईल. तीच ठेव. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेला ओहमचा आकडा तेवढा अँप्लिफायरवरच्या आकड्याशी जुळव.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, हा अप्पांचा दंडक पाळतेस ना? प्रश्नपत्रिका वाटायच्या आधीसारखे चौघं बसायचो, आणि पहिली तू फिसकन हसायचीस.

हिचे तुला आशीर्वाद. माझे असतातच, मागावे लागत नाहीत.

तुझा दादा

२७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मोठी जोडी लावली. दंडकही पाळते, म्हणून तर लक्षात आलं. रेकॉर्ड लावायच्या आधी, मी गप्प बसलेली असताना, स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतं.

आधी मला अँप्लिफायरची घुरघुर वाटली. मग आईचा दमा ओळखला. सुटताना अडखळणारा तिचा श्वास. त्यामागे अप्पांचा, लांब, संथ. गाणं सुरू झालं की दोघं थांबतात. भीती नाही वाटली रे. रडले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जाऊन बसले.

पण आता तिसराही येतो. शेवटी बारीक शिट्टी वाजते त्याची. झाडावरून पडून नाक मोडल्यापासून तुझी वाजते, तश्शी. ते दोघं तिथे असतील, हे समजू शकते. तू तिथे काय करतोयस? बरा आहेस ना? लगेच कळव.

वाट बघणारी,
धाकटी

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी धडधाकट आहे. शिट्टीही जागेवर आहे. तुझ्या वहिनीची त्याबद्दल रोज तक्रार असते. एकटं राहून, भरल्या पोटी गाणी ऐकून भलते भास होतात, तरी शनिवारी येतो. कान माझे, निर्णय माझा. मग ती जोडी परत.

तुझा सदेह दादा

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. भासांवरचं जे व्याख्यान तयार करून आणलं होतं, ते आई ऐकू आल्याबरोबर विसरलो, हे तू पाहिलंसच. मी शेजारी बसलो होतो आणि स्पीकरात तिसरा श्वास नव्हता, म्हणून तुझा जीव भांड्यात पडला. सोमवारी जोडी परत करायची, असं ठरवून मी निघालो.

एक सांगितलं नाही. तू चहा टाकायला आत गेलीस, तेव्हा मी स्पीकरला कान लावून आई-अप्पांच्या श्वासात श्वास मिसळून बसलो होतो. पूर्वी बसायचो तसा. फार बरं वाटलं.

घरी आल्यापासून माझी वामकुक्षी निःशब्द झाली आहे. हिला आधी आनंद झाला. घोरणं नणंदबाईंकडे विसरून आलात का, म्हणाली. काल मात्र तिने माझ्या नाकाशी आरसा धरला. तो स्वच्छच राहिला. मी उठलो, चहा प्यायलो, वर्गावर जाऊन दोन तास शिकवलं. दमलोही नाही.

तेव्हा जोडी परत देऊ नकोस. दिली असशील तर पत्र हातात असतानाच दुकानात जा आणि घरी घेऊन ये. व्हॉल्व्ह तापव, गप्प बस आणि शिट्टी येते का बघ. आलीच, तर कृपा करून अँप्लिफायर बंद करू नकोस.

हिला यातलं काही कळवू नकोस. तुझ्या मायेवर विसंबून,

तुझा दादा