आण्णांच्या चित्राला हार

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. १८ फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप आण्णा,
धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल, हुपरीत पैंजणांचं काम जोरात चाललं असेल. सात वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका. सगळे सुखरूप आहेत. तुम्हीसुद्धा.

हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण पेठेत तुम्ही वारल्याची बातमी होती.

झालं असं. आमच्या छोट्या कलासंग्रहालयाकडे एरवी कुणी फिरकत नव्हतं. फार तर उन्हातून आलेलं माणूस पंख्याखाली टेकायचं. मग आमच्या प्रमुख मॅडमनी पेठेत सांगावा धाडला, घरातली जुनी रंगवलेली चित्रं महिनाभर मांडायला द्या. लोकांनी आपापले आजे-पणजे पुसून आणून दिले. मी तुमचं दिलं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी काढलेलं, एकोणीस वर्षांचे तुम्ही, काखेत फुटबॉल, गुडघा फुटलेला.

आता आपली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. भिंतीवर चौकट दिसली की हार आलाच! मॅडम "रंगाला हात लावू नका" म्हणून ओरडताहेत आणि बायका सासऱ्याच्या चौकटीला झेंडू बांधताहेत. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना हार, तुमचंच तेवढं मोकळं. दारातल्या फुलवाल्या बायडाबाईला राहवेना. "ह्या बिचाऱ्याला कुणीच न्हाय व्हय रं?" म्हणत तिनं टोपलीतला हार काढून घातला.

संध्याकाळपर्यंत पेठभर झालं, आण्णा गेले. दुसऱ्या दिवशी तुमच्या जुन्या क्लबचा अध्यक्ष विश्वजित पन्नास माणसं घेऊन शोकसभेला हजर, तिथंच, चित्रासमोर. आण्णा, काय काय बोलले लोक! तुम्ही अडवलेली एकच पेनल्टी तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. एकजण म्हणाला, "रंकाळ्यात बुडताना आण्णानं केसाला धरून वर काढलं, न्हायतर गेलतोच मी." चांगले तगडे गडी डोळे पुसत होते. इतकी माणसं संग्रहालयानं कधी पाहिली नव्हती.

मला सोसेना. मी ओरडलो, "आण्णा जित्ता हाय!"

पन्नास माना गर्रकन माझ्याकडे वळल्या. मग असा हशा उसळला की मॅडमही खुर्चीत बसून हसायला लागल्या. विश्वजित म्हणाला, "मग बोलीव की त्यास्नी! भाषणं तयारच हाईत, सत्काराला चालत्यात." बायडाबाईनं कान पकडले. "माझ्या हातनं चूक झाली, पर आयुष्य वाढलं बघ त्येंचं."

आण्णा, चूक तिची नव्हती. ती हार घालत होती तेव्हा मी हातभर अंतरावर उभा होतो. अडवलं नाही. चांदीचं काम सोडून मी इथं राखणीची नोकरी धरली, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "मेलेल्यांची चित्रं सांभाळ जा, माझ्या दारात येऊ नगंस." तो राग माझ्या मनात होता. म्हटलं, असू दे हार. पण नंतर दिवसभर तिकडं बघवेना. पंख्याच्या वाऱ्यानं हार हलला की मी दाराबाहेर जाऊन उभा राहायचो. फार चुकलं माझं.

येत्या रविवारी दुपारी चारला इथंच संग्रहालयात तुमचा सत्कार ठरलाय. पेठेनं ठरवलाय, मी नव्हे. वहिनींनाही आणा.

तुमच्या दारात यायला मला बंदी आहे. माझ्या दारात तुम्हाला नाही.

वाट बघत,
तुमचा धाकटा
सयाजी