साडेपाचच्या आत बोटीवर

कुवेत,
१४ ऑक्टोबर २००६

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र आम्ही सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. आठ दिवस ते माझ्या शर्टाच्या खिशातून भूमध्य समुद्र फिरून आलं, आणि उत्तर काही आलं नाही म्हणून तू रुसली असशील. रुस. लग्न ठरलं, मुलगा शिक्षक, घर कुडाळातच, हे वाचून शर्मिलाकाकू नाचायचीच बाकी होती. पुढची ओळ मात्र मी तिला वाचून दाखवली नाही. बाबांच्या जागी कन्यादानाला तुम्ही दोघं बसा, आईचीही तीच इच्छा आहे, असं तू लिहिलंस. हो म्हणायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. ते लिहवत नाही म्हणून हे एवढं लांबण.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मयूरने आम्हाला या बोटीवर ढकललं. ‘डॅड, जस्ट एन्जॉय,’ एवढाच चिरंजीवांचा आशीर्वाद. बोट म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय. दिवसभर पंगती, आणि दोन पंगतींच्या मधे पुढच्या पंगतीची चौकशी. कुवेतहून आम्ही बारा जण होतो. नेपल्सला उतरलो, दोन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलेलं शहर पाहिलं. गाईड मेलेल्यांबद्दल सांगत होती आणि आमच्या रिफायनरीतला सुशांत विचारत होता, इथे चहा कुठे मिळतो हो? काकूने सगळ्यांना चिवडा वाटला. संस्कृतीचं आदानप्रदान ते हेच.

पण मुक्ता, माझं लक्ष नव्हतं. बोटीवर चढतानाच काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, शेवटच्या दिवशी परत देऊ म्हणाली. गोरे लोक कुरकुरले. आम्ही कुवेतवाल्यांनी मुकाट्याने दिले. आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असायचा, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. त्या क्षणी तुझे बाबा बोटीवर चढले आणि मग उतरलेच नाहीत. नेपल्सच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसले, चौकड्यांचा शर्ट, पत्र्यावर खुणा करायची पेन्सिल कानामागे. जवळ गेलो तर कुणी इटालियन सुतार. पालेर्मोच्या मासळीबाजारात पाठमोरे दिसले. तिथे मी जवळ गेलोच नाही.

प्रत्येक बंदरावर पाटी असे: साडेपाचच्या आत बोटीवर. चढताना कार्ड लावायचं, टिंग वाजलं की माणूस मोजला गेला. माल्टाला एक टिंग कमी पडलं. भोंगा झाला, शिडी काढली, आणि धक्क्यावरून एक म्हातारा धावत येताना दिसला, हातात खरेदीची पिशवी. डेकवर सगळे कठड्याशी जमले. टाळ्या, शिट्ट्या, कॅमेरे. सुशांत ओरडला, ‘भागो, चाचा, भागो!’ खसखस पिकली. मी मात्र मराठीत ‘थांबवा! थांबवा!’ म्हणून किंचाळत होतो. काकूने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, ती बस गेली, राजन. आता मुक्ताला लिही. खिशातलं पत्र तिने केव्हाच वाचलं होतं.

तर लिहितो. सप्टेंबर नव्वद. इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसून महिना झाला होता. कुवेतच्या फरवानिया भागातून आपल्या लोकांच्या बसेस बसरा-बगदाद करत अम्मानला निघत, तिथून मुंबईचं विमान. आमच्या बसची यादी माझ्याकडे होती. चार वाक्यं इंग्रजी येणाऱ्याला अशा वेळी पुढारीपण आपोआप चिकटतं. तुझे बाबा पत्र्याची पेटी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. पण पासपोर्ट नव्हता. तो पलीकडच्या खैतान वस्तीतल्या ऑफिसात, मालकाच्या कपाटात, आणि मालक केव्हाच पसार. मी साहेबी थाटात म्हटलं, पासपोर्टशिवाय सरहद्दीवर अख्खी बस अडकेल, तुळशीदास. कपाट फोड, पण घेऊन ये. ते म्हणाले, ‘सायबानू, गाडी धरून ठेवा हां, ह्यो गेलंय नि ह्यो इलंय.’ पेटी टपावर चढली होतीच. त्यांच्या सीटवर, जरा वेळापुरता म्हणून, मी आमचा व्हीसीआर ठेवला.

सरहद्दीवर पासपोर्ट कुणी बघितलेच नाहीत. सैनिकाने डोकी मोजली, व्हीसीआर उचलला आणि जा म्हणाला.

पेटी मी कुडाळला पोचवली. तू आठ वर्षांची होतीस, दाराआड उभी. सीतावहिनींनी विचारलं, ते कुठे? मी म्हटलं, त्यालाच यायचं नव्हतं, कंपनीचा माल सांभाळायला राहिला. मग पेटी का धाडली, असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी एसटीची वेळ झाली म्हणून निघालो. उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं असणार: नवऱ्याने संसारच परत पाठवला. लढाई संपल्यावर इथे येऊन मी दूतावासात, इस्पितळांत विचारलं. नाव कुठेच सापडलं नाही. खरं सांगू, सापडेल याचीच भीती होती.

आता राहिलेलं. दीड तास वाट पाहून ड्रायव्हर वैतागला. त्याने विचारलं, खलास? मी यादी मिटली, म्हटलं, खलास, सगळे आले. बस वळली आणि मागच्या काचेतून मला ते दिसले. रस्त्याच्या मधोमध धावत, पासपोर्टचा हात वर. मी एक शब्द बोललो असतो तर बस थांबली असती. चौकात सैनिक होते, मयूर रडत होता, ही कारणं मी सोळा वर्षं घासूनपुसून ठेवली आहेत, पण तुझं पत्र आल्यापासून त्यांतलं एकही तोंडातून निघत नाही. त्यांच्या जागेवर एकदा मी आमचं सामान ठेवलं. आता पाटावर स्वतः कसा बसू? हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. मला बोलवायचं की दारातून हाकलायचं, ते त्या सांगतील. त्यांना एवढंच कळू दे: तुळशीदास मागे राहिला नव्हता, वहिनी. तो येत होता.

तुझा, अजून म्हणवत असेल तर,
राजनकाका