अकरा पुस्तकांचे तीनशे नव्वद

लातूर, १७ ऑगस्ट २०१४

तीर्थस्वरूप बजरंगमामांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईला तसंच सांगा. हॉस्टेलात मोबाइल चालत नाही आणि मेसच्या फोनपाशी पन्नास मुलींची रांग असते, म्हणून पत्र.

बातमी वाईट आहे. तुमच्या कार्डावरून मी नेट कॅफेतून मेडिकलच्या तयारीचा अकरा पुस्तकांचा संच मागवला होता, तीनशे नव्वद रुपयांना. पैसे कापले गेले, पार्सल निघाल्याचा ईमेलही आला. सहाव्या दिवशी दुसरा ईमेल : किंमत चुकून पडली, खरी तीन हजार नऊशे, एक शून्य राहून गेलं, ऑर्डर रद्द, पैसे परत. क्लासमध्ये सर याच पुस्तकांतली गणितं देतात. परीक्षेची ही माझी दुसरी खेप, आणि मी शेजारणीच्या पुस्तकात डोकावून लिहिते. तीन हजार नऊशे आपल्याच्यानं होणार नाहीत, हे तुम्हाला वेगळं काय सांगू?

माझी रूम पार्टनर मालविका उदगीरची, वकिलाची मुलगी. ती म्हणते, विक्रेत्यांना संच द्यावाच लागेल, ग्राहक मंचात तक्रार कर. पण चूक त्यांची असली तरी मागायचा हक्क मला आहे का, हे कळत नाही. तुमचा जन्म दुकानात गेला. तुम्हीच सांगा.

माया आहे तेवढी राहू द्या.
आपली, शिल्पा

नांदेड, २२ ऑगस्ट

चि. शिल्पीस मामाचा आशीर्वाद.

तुझी आई उमरीहून येऊन गेली. तू वेळेवर जेवते म्हणून सांगितलं, तर म्हणाली, खोटं हाय.

आमच्या भांड्याच्या दुकानात असंच झालं होतं. अठराशे पन्नासच्या कुकरवर मीच एकशे पंच्याऐंशीची चिठ्ठी लावली. देगलूरची एक म्हातारी आली, पैसे दिले, पावती फाटली, मग मालकाच्या ध्यानात आलं. मला सगळ्यांपुढं लई बोलले, पण कुकर म्हातारीच्याच पिशवीत गेला. पावती फाडली म्हणजे शब्द दिला, म्हणाले. ते बघून दोन गडी हसत पुढं आले, आम्हाला बी सहा-सहा द्या म्हणून. त्यांना मालकानं हात जोडून बाहेरची वाट दाखवली. त्यांना चूक ठाऊक होती, म्हातारीला न्हवती.

तू म्हातारी, का ते गडी? खरं सांग. भूकंपात माझी सातवीची शाळा पडली, ती मी परत पाहिली न्हाई. मदतीचे ट्रक यायचे, तवा तुझी आई दुसरं कांबळं घेऊ देत न्हवती. त्या घरची हायेस तू. ठाऊक न्हवतं, तर मात्र सोडू नको.

तुझा मामा

लातूर, ३० ऑगस्ट

ती. मामांस सा. न.

मागवताना मला ठाऊक नव्हतं. घरात शिकणारी मी पहिली. मी पाहिलेली पुस्तकं बोर्डाची. अकरावीची सगळी मिळून साडेतीनशेत आली होती. तीनशे नव्वद मला उलट महाग वाटले, दोन दिवस विचार केला.

पण ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी मालविकानं खरी किंमत सांगितली आणि उशीत तोंड खुपसून हसली. मग पाच दिवस मी गप्प बसले. विक्रेत्याला कळवलं नाही, पार्सल यावं म्हणून देवाला विनवत राहिले. तेच आता टोचतं आहे.

तक्रार मी स्वतः लिहिली आणि पाच दिवसांचं त्यात लिहिलं. मालविकाच्या वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, सगळं ठीक, एवढं वाक्य काढ, यानंच हरशील. मी काढलं नाही. मालविका म्हणते, मी वेडी आहे. काढू का, मामा?

तुमची, शिल्पा

नांदेड, २ डिसेंबर

चि. शिल्पीस आशीर्वाद.

वाक्य काढू नको म्हणून तवाच लिहिलं होतं, आजबी तेच. विक्रेत्याच्या जबाबाची तू धाडलेली नक्कल वाचली. शहाण्या माणसाला किंमत बघताच चूक कळली असती म्हणे, अन् तू मुद्दाम गैरफायदा घेतला म्हणे! पुस्तकं मिळोत न मिळोत, हे शब्द त्यांच्याकडून परत घ्यायला लाव. लगीनसराईत मालक सुट्टी देणार न्हाईत. सुनावणीला एकटी जा. पाय कापले तर टेबलाला धर, पण बोल.

तुझा मामा

लातूर, २६ फेब्रुवारी २०१५

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकले!

सुनावणीला त्यांचे वकील तेच बोलले, शहाण्या माणसाला कळलं असतं. मी टेबलाला धरलं. पिशवीतून बोर्डाची पुस्तकं काढून मांडली आणि म्हटलं, आमच्या घरात पुस्तकाची किंमत एवढीच असते, मागे छापली आहे, बघा. अध्यक्षांनी एकेक पुस्तक उलटून पाहिलं. मग विचारलं, चूक तुला कधी कळली. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी, तक्रारीत लिहिलं आहे. त्यांनी वकिलांना विचारलं की हिनं लिहिलं नसतं, तर हे तुम्हाला कळलं असतं का. वकील नाही म्हणाले.

निकाल असा : पैसे घेतले, पार्सल निघाल्याचं कळवलं, ग्राहकाला तेव्हा चूक ठाऊक नव्हती, म्हणून संच त्याच किमतीत द्यावा. शिवाय, तक्रारदाराने स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लपवलेली नाही, गैरफायद्याचा आरोप खोटा आहे. हे मी तीनदा वाचलं. मालविकानं व्हरांड्यात शिट्टी मारली, तर शिपाई ओरडला. तिचे बाबा फोनवर म्हणाले की पुढची केस ते मला दाखवूनच दाखल करतील.

आज खोकं आलं. अकराच्या अकरा! विक्रेत्याचे तीनशे नव्वद सकाळीच भरले. परीक्षेला सव्वादोन महिने आहेत, तेव्हा पत्रं कमी येतील, रागावू नका. निकालाची प्रत आईसाठी सोबत आहे.

तुमची, शिल्पा

नांदेड, ५ मार्च

चि. शिल्पीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. मालकानं सगळ्यांना चहा पाजला, गिऱ्हाइकांनाबी.

कागद घेऊन उमरीला गेलो. आक्कानं, तुझ्या आईनं, विचारलं, शिल्पीचं नाव कुठं हाय. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा दाखवलं. अक्षर येत न्हाई तिला, पण ती जागा तिनं पाठ केली. संध्याकाळी बघतो तर आक्का ओट्यावर बसून गल्लीतल्या बायांना दाखवून राहिली, हे माझ्या लेकीचं नाव. कागद उलटा धरलेला, बोट मात्र बरोबर तुझ्या नावावर.

तुझा मामा