सगळ्यांच्या मागे

१० नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे हे आधी विचारते, नाहीतर म्हणशील की कामापुरती आत्या आठवते. काम आहेच. दादाला तू चार खडे बोल सुनवायचे आहेत. माझं तो ऐकत नाही, तुझ्यापुढे मात्र त्याचं मांजर होतं.

झालं असं. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडलीच नव्हती. दुपारभर खिडकीत बसायची आणि हातातला चहा गार व्हायचा. शेवटी गेल्या रविवारी दादा, वहिनी आणि मी तिला बळेच डोंगरावरच्या तळ्याच्या वाटेवर घेऊन गेलो. ती बाबांची लाडकी वाट. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत अंधाऱ्या खड्ड्यात ग्रीसने माखायचं आणि रविवारी उजाडलं की तंबू पाठीवर टाकून आम्हाला गोळा करायचं, हा त्यांचा नेम तुला माहीतच आहे. आठवडाभर मी लोकांना वर पोचवतो, रविवारी आपल्या पायांनी वर जातो, असं म्हणायचे. निघताना प्रत्येकाच्या बुटाची नाडी ओढून बघायचे. दादाचं लग्न झाल्यावर वहिनीसमोरही ओढली, तेव्हा दादा लाजून चूर झाला होता.

आणि चालायचे नेहमी सगळ्यांत मागून. आम्ही त्यांना गोगलगाय म्हणून चिडवायचो. ते चिडायचे नाहीत. मधूनच मागून त्यांचा खणखणीत आवाज यायचा की चालत राहा, मागे मी आहे.

रविवारी दादा पुढे, मग वहिनी, मग मी, मग आई. गप्पांच्या नादात तळ्याशी पोचलो आणि बघतो तर आई नाही. आत्या, आमच्यापैकी कोणी वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. ती सवयच नाही गं आम्हाला! हाका मारून मारून घसे बसले. पुष्कळ वेळाने ती सापडली अर्ध्या वाटेवर, एका दगडावर, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेली. डोळे सुजलेले होते. काय झालं विचारलं तर एक शब्द बोलेना.

दादाची घाबरगुंडी उडाली. आता त्याने फर्मान काढलंय की आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिला पुन्हा डोंगरावर न्यायचं नाही, आणि बाबांचा तंबू, दोर, स्टोव्ह सगळं त्यांच्या गिर्यारोहण मंडळाला देऊन टाकायचं. मंडळाची माणसं महिनाअखेर न्यायला येणार आहेत. आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तंबू एकदा घरातून गेला की ती त्या खिडकीतून कधीच उठणार नाही, अशी मला धास्ती वाटते. तू काहीतरी कर.

लोभ आहेच, या वेळी तो जरा रागावून दाखव.

तुझी,
भिंगरी


१६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्याहून तरुण आहे, रोज भांडतो. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि ऐकू न येता भांडण्यात मजा नाही, म्हणून दादाला वेगळं पत्र टाकलंय. ते तू वाचू नकोस. लहान आहेस.

तुझ्या बापाला गोगलगाय म्हणता? अगं, आमच्या घरी त्याचं नाव मुंगळा होतं. दिसेल त्या झाडावर चढलेला असायचा. आमचे वडील आम्हा भावंडांना टेकडीवर न्यायचे ते लांब लांब ढांगा टाकत. माझा पाय जन्माचा अधू, त्यामुळे मी कायम शेवटची, आणि शेवटच्याला सगळ्यांनी हसायचं असा रिवाज. एकदा मी भर वाटेत भोकाड पसरलं. मुंगळा तेव्हा पार माथ्यावर पोचला होता. तिथून तो धावत खाली आला, माझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की आता तू शेवटची नाहीस, शेवटचा मी. एवढासा होता गं! माझ्याहून धाकटा.

त्यानंतर तो जन्मात कधी माझ्यापुढे चालला नाही. पुढे बायको आली, तुम्ही आलात, तरी त्याने जागा सोडली नाही. मंडळवाले त्याला पुढे चला म्हणून आर्जवं करायचे. हा आपला हसायचा आणि मागे जायचा. असा भाऊ मला मिळाला, म्हणून मी आजही माझ्या पायाला नावं ठेवत नाही.

तंबू घरातच राहील, हा माझा हुकूम. तुम्ही पुन्हा त्याच वाटेने जा. आणि दादाने आईच्या डोक्याची परीक्षा घेत बसण्यापेक्षा तिच्या शेजारी बसावं. तिला म्हणावं, मला दोन ओळी लिही.

माया आहे तेवढी सगळी या पाकिटात घातली आहे, वाटून घ्या.

तुझी,
आत्या


२ डिसेंबर

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पुष्कळ दिवसांनी हातात पेन धरलंय, अक्षर सांभाळून घ्या. तुमचं पत्र भिंगरीने वाचून दाखवलं. तुमच्या पायाची गोष्ट ह्यांनी मला कधीच सांगितली नाही. मला आपलं वाटायचं, माझी बदकासारखी चाल बघायला मिळते म्हणून मागे राहतात.

त्या दिवशी मी हरवले नव्हते, वन्सं. दम लागला म्हणून दगडावर टेकले. मी अशी टेकले की हे मागून यायचे, शेजारी उभे राहायचे आणि झाडावरचं एखादं पाखरू दाखवत बसायचे. मला दम लागलाय असं कोणाला कळू नये, म्हणून. त्याच सवयीने मी त्यांची वाट बघत बसले. बराच वेळ बसले. खरं सांगते, हे गेले ते मला त्या दगडावर कळलं. घरात इतके महिने डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तिथे पोटभर रडले आणि हलकं वाटलं. हे पोरांना कोणत्या तोंडाने सांगणार?

तुमच्या पत्रात काय होतं कोण जाणे, पण दादाने आपणहून तंबू माळ्यावरून काढून उन्हात टाकला आणि मंडळाला नकार कळवला. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. तंबूच्या दोऱ्या सोडवत राहिला. ह्यांच्यासारखीच बोटं आहेत त्याची.

परवाच्या रविवारी आम्ही निघालो. निघताना मी एकेकाच्या बुटाची नाडी ओढून पाहिली. दादाचीच सैल होती. तो म्हणाला की आज मागे मी राहतो. मी त्याला पुढे पाठवलं. पण तो कसला पुढे चालतोय! दर वळणाला मान मागे. एकदा तर मुळीला अडखळून पडायचाच, आणि भिंगरीला हसू आवरेना.

तो दगड आला तेव्हा मी जराशी थांबले. दम लागला नव्हता, उगाच थांबले. पुढे दादाही थांबला. त्याचा चेहरा लहानपणी तापात व्हायचा तसा झाला होता. तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं, वन्सं, आपोआप तोंडातून निघालं, आणि तेही ह्यांच्याइतक्या मोठ्याने, की चालत राहा, मागे मी आहे.

मग तळ्यापर्यंत कोणी वळून पाहिलं नाही.

गुडघा जरा बरा झाला की या. तुम्हाला माझ्यापुढे चालवीन. आजवर होता तसाच जीव असू द्या.

तुमची,
भावजय